माजी सैनिक आणि वीरनारींसाठी: ट्रंकेतल्या कागदांपासून १९३० या हेल्पलाइनच्या फोनपर्यंत

वडिलांची काळी ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. हवालदार म्हणून ते घरी आले आणि पुढे बरीच वर्षं पेन्शन घेतली. ते गेल्यावर आईची पेन्शन सुरू व्हायला मात्र सात महिने लागले, कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर, आईचं माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. त्या सात महिन्यांत घरी तीन फोन आले. तिघेही म्हणत होते, पेन्शन चालू करून देतो. तिघांनाही वडिलांचा आर्मी नंबर माहीत होता. तिसऱ्याला आई ओटीपी सांगायला लागली होती. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला म्हणून वाचलो.

तेव्हापासून आमच्या आणि शेजारच्या वाड्यांमधल्या फौजी घरांचे कागद मी लावून देते. एक गोष्ट वारंवार दिसली. ज्या घरात काम अडलेलं असतं, त्याच घरात भामट्याची डाळ शिजते. पेन्शन अडली, थकबाकी आली नाही, हयातीचा दाखला लागला नाही, की माणूस काकुळतीला येतो आणि मदत करतो म्हणणाऱ्या कुणाचाही हात धरतो. म्हणून या लेखात आधी कागद आणि हक्क, आणि मग फसवणूक. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांत आळीआळीत पेन्शन येते, आणि हे चोरांनाही पक्कं ठाऊक आहे.

पहिली पायरी: ट्रंक उघडा

एका दुपारी नवरा-बायको दोघं बसा. डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ, स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवरचा नवा पीपीओ आणि मधल्या काळात आलेले दुरुस्तीचे पीपीओ एकत्र काढा. माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, कॅन्टीन कार्ड, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे कागद हमखास कुठेतरी वेगळ्या पिशवीत असतात, तेही शोधा. निवृत्तीनंतरही चालणारं विमासंरक्षण घेतलेलं असेल, तर नवरा गेल्यावर बायकोला त्याचा दावा करता येतो. असं काही आहे हेच कित्येक घरांत बायकोला माहीत नसतं.

सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच करा. एक घरात ठेवा, एक दुसऱ्या गावातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे. फोनमध्ये फोटो काढून ठेवायला हरकत नाही, पण ते व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवून तिथेच सोडू नका. आपल्या ओळखपत्राचा फोटो चोराच्या हाती लागला की त्याचं काय होतं, ते पुढे सांगते.

दुसरी पायरी: नावं जुळवा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि कित्येक घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. लग्न झाल्यावर युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर (घरच्या माहितीची नोंद करणारा आदेश) निघाली तेव्हा एक नाव लागलं, रेशन कार्डावर दुसरं, आधारवर तिसरं, पॅनवर इंग्रजी स्पेलिंग चौथंच. नवरा असेपर्यंत कुणाचं काही अडत नाही. तो गेला की पहिल्याच दिवशी अडतं.

पीपीओ समोर ठेवून पाच गोष्टी आधारशी ताडून पाहा: तुमचं नाव, तुमची जन्मतारीख, बायकोचं नाव, बायकोची जन्मतारीख आणि मुलांची नावं. बायकोच्या जन्मतारखेकडे नीट बघा. जुन्या पीपीओवर ती बऱ्याचदा नसतेच. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १००व्या वर्षी मूळ पेन्शनइतकीच आणखी रक्कम. फॅमिली पेन्शनलाही हे लागू आहे. पण बाईची जन्मतारीखच नोंदलेली नसेल, तर ती ८० वर्षांची झाली हे सरकारला कळणार कसं?

तफावत आढळली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आपण सगळे त्याला सैनिक बोर्डच म्हणतो. तिथून अर्ज तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नौदलाच्या खलाशांची नोंद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये असते आणि हवाई दलाच्या एअरमनची दिल्लीच्या सुब्रतो पार्कमध्ये. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पुष्कळदा चालून जातं. नाव पूर्णच वेगळं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागू शकतो. रेकॉर्ड ऑफिसला नक्की काय हवंय ते आधी विचारा, मग खर्च करा. आमच्या घरी आधी प्रतिज्ञापत्रावर पैसे गेले आणि नंतर राजपत्रावर पुन्हा गेले.

घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचं नाव पेन्शनच्या कागदांवर आई-बाप दोघंही जिवंत असतानाच चढवून घ्या. अशा मुलाला ठरलेल्या अटींवर आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित मुलीलाही वयाच्या २५ वर्षांनंतर उत्पन्नाच्या अटीवर ती मिळू शकते. आई-बाप गेल्यावर हे सिद्ध करत बसणं फार जड जातं.

तिसरी पायरी: स्पर्श आणि हयातीचा दाखला

आता बहुतेकांची पेन्शन बँकेऐवजी थेट प्रयागराजच्या पीसीडीए (संरक्षण पेन्शनचा हिशेब पाहणाऱ्या) कार्यालयाकडून स्पर्श या प्रणालीतून येते. त्याचं खरं संकेतस्थळ ‘डिफेन्सपेन्शन डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतं. ते गुगलवर शोधून पहिल्या दुव्यावर बोट ठेवू नका. एकदा सैनिक बोर्डात किंवा स्पर्शच्या सेवा केंद्रात बसून पत्ता नीट टाइप करा आणि फोनमध्ये जपून ठेवा. लॉगिन करून पहिल्यांदा आपली माहिती तपासून मान्य करायची असते. मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, हे तेव्हाच पाहून घ्या. गावातल्या एखाद्या सेवा केंद्रवाल्याने घाईत स्वतःचा नंबर टाकून दिलेला मी दोन घरांत पाहिला आहे. पासवर्ड वहीत लिहून ट्रंकेत ठेवलात तरी चालेल, पण एजंटच्या वहीत तो असता कामा नये.

हयातीचा दाखला बहुतेकांना नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. तुमची मुदत नेमकी कधी संपते ते स्पर्शवर दिसतं. घरबसल्या द्यायचा असेल तर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अॅप लागतात. ती फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. चेहरा दाखवून दाखला तयार होतो, त्यामुळे शेतीकामाने बोटांचे ठसे झिजलेल्यांची मोठी सोय झाली आहे. तो भरताना एक चूक मात्र सर्रास होते. पेन्शन मंजूर करणारं कार्यालय म्हणून ‘डिफेन्स, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद’ निवडायचं आणि पेन्शन देणारं म्हणून ‘स्पर्श, पीसीडीए पेन्शन अलाहाबाद’. लोक सवयीने आपल्या बँकेचं नाव निवडतात, दाखला बँकेकडे जातो आणि पुढे पेन्शन थांबते. शहर आता प्रयागराज झालं असलं तरी यादीत नाव अलाहाबादच शोधा. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईने प्रकार निवडताना ‘फॅमिली’ निवडायचं.

स्वतः जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला करून देतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी याहून चांगली सोय मला ठाऊक नाही.

चौथी पायरी: पेन्शनचा आकडा तपासा

वन रँक वन पेन्शन, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन, १ जुलै २०१४पासून लागू आहे. दर ५ वर्षांनी फेरआढावा होतो: १ जुलै २०१९ आणि त्यानंतर १ जुलै २०२४. तुमचा हुद्दा, गट आणि सेवेची वर्षं यांच्या तक्त्यातला आकडा आणि खात्यावर येणारी मूळ पेन्शन जुळते का ते पाहा. निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असतील, तर १५ वर्षांनी तो भाग पुन्हा चालू होतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तक्रार स्पर्शवरच नोंदवता येते. तिथे दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, आणि दिव्यांग पेन्शनसारख्या वादात सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. जुलै २०२५पासून प्राधिकरणाने जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे. दिव्यांग पेन्शन मिळवून देतो, रकमेतले ३० टक्के माझे, असं म्हणणारा भेटला तर आधी तिथे विचारा.

पाचवी पायरी: ईसीएचएस

योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. एकदाच वर्गणी भरायची: हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. वीरनारींना ती माफ आहे. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांनाही माफ आहे. आधी ईसीएचएसचा दवाखाना म्हणजे पॉलिक्लिनिक, तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या रुग्णालयात, आणि तिथे उपचार पैसे न भरता. छातीत दुखतंय, अपघात झालाय, अशा वेळी चिठ्ठीची वाट पाहायची नाही. जवळच्या रुग्णालयात जा. ते यादीबाहेरचं असेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा, नाहीतर बिल मागे मिळवताना त्रास होतो. कमावत्या किंवा लग्न झालेल्या मुलांची कार्डं मुकाट्याने परत करा. ती वापरणं गुन्हा ठरतो आणि तुमचंही कार्ड अडचणीत येतं.

कुणी गावात मोफत तपासणी शिबिर लावून ईसीएचएस कार्ड गोळा करत असेल, बोटांचे ठसे घेत असेल, तर पॉलिक्लिनिकला फोन करून खात्री करा. न झालेल्या उपचारांची बिलं तुमच्या नावावर लागू शकतात.

सहावी पायरी: सैनिक बोर्डात नाव नोंदवा

पेन्शन येतेय, मग बोर्डात कशाला जायचं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची मुलं शिष्यवृत्तीला मुकतात म्हणून मला हे मनापासून लागतं. पंतप्रधान शिष्यवृत्तीत व्यावसायिक शिक्षणासाठी मुलींना महिन्याला ३ हजार आणि मुलांना अडीच हजार मिळतात. दरवर्षी ५,५०० जागा असतात, निम्म्या मुलींसाठी. अधिकारी नसलेल्या हुद्द्यांच्या मुलांसाठीच ती आहे, आणि आधीच्या परीक्षेत किमान ६० टक्के लागतात. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर, पडताळणी जिल्ह्यात.

हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून मिळणारी मदत १ नोव्हेंबर २०२५पासून दुप्पट झाली आहे. पेन्शन नसलेल्या, ६५ ओलांडलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिन्याला ८ हजार. मुलांच्या शिक्षणाला प्रत्येकी महिना २ हजार, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाला १ लाख, दोन मुलींपर्यंत, आणि विधवेच्या पुनर्विवाहालाही तेवढेच. लग्नाचा अर्ज १८० दिवसांच्या आत गेला पाहिजे. लग्नाची धावपळ, मग सण, मग पेरणी, आणि मुदत टळते. अक्षता पडल्या की पुढच्याच आठवड्यात विवाह नोंदणी करा.

राज्याच्या गट क आणि ड नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क मध्ये १० आणि ड मध्ये २० टक्के. मेस्को हे राज्याचं माजी सैनिक महामंडळ सुरक्षारक्षकांच्या नोकऱ्या देतं. आणि घरपट्टी: राज्याच्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत अटी पूर्ण करणाऱ्या माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला एका घराचा मालमत्ता कर माफ होतो. बोर्डाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून घरपट्टी माफ झालेली मी पाहिलेली नाही.

सातवी पायरी: चोराची भाषा ओळखा

फोन बहुतेक हिंदीत येतो. ‘सर, जय हिंद. पीसीडीए प्रयागराज से बोल रहा हूँ. आपका लाइफ सर्टिफिकेट पेंडिंग है, आज शाम तक पेन्शन बंद हो जाएगी.’ मग तो तुमचा आर्मी नंबर, पीपीओ, निवृत्तीची तारीख घडाघडा सांगतो. इथेच माणूस फसतो, कारण वाटतं की एवढं कार्यालयालाच माहीत असणार. ही माहिती झेरॉक्सच्या दुकानातून, ग्रुपवर टाकलेल्या फोटोंतून, चोरीच्या याद्यांतून बाहेर गेलेली असते. ती सांगता येणं ही कसली ओळख नाही.

पुढचा डाव ठरलेला असतो. व्हॉट्सअॅपवर फाइल येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’. ती दाबली की फोनमध्ये चोराचं अॅप बसतं आणि बँकेचे संदेश त्याला दिसू लागतात. नाहीतर तो स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला सांगतो. नाहीतर स्टार ४०१ स्टार आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगतो. तो डायल केला की तुमचे फोन त्याच्याकडे वळतात, ओटीपीचा फोनसुद्धा. चुकून केलं असेल तर लगेच ##००२# डायल करा, वळवलेले फोन रद्द होतात. फोनवरून हयातीचा दाखला कुणी ‘करून’ देत नाही, आणि त्यासाठी ओटीपी, पिन किंवा बँक खात्याचा पासवर्ड कुणाला सांगावा लागत नाही. फोन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सैनिक बोर्डात जा. एका दिवसात कुणाची पेन्शन बंद होत नाही, आणि झालीच तरी दाखला दिल्यावर थकबाकीसह परत सुरू होते.

डिजिटल अरेस्टबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण फौजी माणसावर त्याचा घाव वेगळा बसतो. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसतो. मागे अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा. तो म्हणतो, तुमच्या आधारवर घेतलेलं सिम दहशतवाद्यांकडे सापडलंय, हा देशाच्या सुरक्षेचा मामला आहे, घरात कुणाशी बोलायचं नाही. ज्याने २० वर्षं हुकूम ऐकला आणि गुप्तता पाळली, तो हेही पाळतो. खोलीचं दार लावून घेतो, बायकोलाही सांगत नाही, आणि ‘पडताळणीसाठी’ मुदत ठेव मोडून पैसे पाठवतो. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाही, आणि पैसे तर कधीच मागत नाही. वर्दीतला माणूस घरच्यांशी बोलू नको म्हणाला, तर त्याच क्षणी दार उघडा आणि बायकोला हाक मारा.

आता ओळखपत्राच्या फोटोचं. जुनी गाडी किंवा फर्निचर विकण्याच्या जाहिरातीत चोर स्वतःला जवान म्हणवतो, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय असं सांगतो आणि विश्वास बसावा म्हणून कॅन्टीन कार्डाचा किंवा ओळखपत्राचा फोटो पाठवतो. तो फोटो खऱ्याच एखाद्या माणसाचा असतो. उद्या तो तुमचा असला तर ज्याचे पैसे गेले तो तक्रारीत तुमचंच नाव लिहील. कार्डाची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. छावणीजवळच्या दुकानदारांनाही ‘आर्मीची मोठी ऑर्डर’ सांगून क्यूआर कोड पाठवतात. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही, एवढं त्यांना सांगून ठेवा.

भरतीचं थोडक्यात. परीक्षेचं ठरलेलं शुल्क सोडलं तर सैन्यभरतीला पैसे लागत नाहीत. पोराला भरती करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तो चोर आहे, मग तो तुमच्याच पलटणीतला का असेना.

आठवी पायरी: निवृत्तीची रक्कम

निवृत्त होताना ग्रॅच्युइटी, विकलेल्या पेन्शनची रक्कम, भविष्य निधी, रजेचे पैसे, ग्रुप इन्शुरन्स असं सगळं एकदम हातात येतं. त्या महिन्यात दारात येणारा माणूस अनोळखी नसतो. तो बॅचमेट असतो, मेहुणा असतो, गावचाच असतो. आमच्या भागात शेअर बाजारातून महिन्याला अमुक टक्के पक्के देतो म्हणणाऱ्यांनी माजी सैनिकांनाच एजंट नेमलं, कारण फौजी दुसऱ्या फौजीवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. पहिले काही हप्ते वेळेवर येतात. ते नव्या लोकांच्या पैशांतून दिलेले असतात. मग कार्यालयाला कुलूप लागतं आणि एजंट झालेला माजी सैनिक स्वतःही बुडतो, गावातलं तोंडही गमावतो. त्या एजंटांतल्या काहींना मी ओळखते. त्यांनी जाणूनबुजून कुणाला फसवलं नव्हतं, आणि तेच सर्वांत जास्त खचले.

म्हणून रक्कम आली की निदान ६ महिने बँकेच्या किंवा पोस्टाच्या ठेवीत ठेवा. कुणी योजना सांगितली तर सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, त्याने दाखवलेलं प्रमाणपत्र धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर बेकायदा ठेवींची तक्रार देता येते. खात्रीचा परतावा लिहून देणाराच बहुतेक वेळा लबाड असतो. पैसे अडकलेच तर एकट्याने त्याच्या मागे फिरू नका. ठेवीदारांनी मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार द्या. महाराष्ट्रात १९९९चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, त्यातून मालमत्ता जप्त होऊ शकते.

बँकेत जाऊन आणखी एक विचारा. तुमचं खातं संरक्षण दलांच्या पेन्शन पॅकेजमध्ये आहे का, आणि असेल तर अपघात विमा किती आहे? उत्तर लेखी घ्या आणि ट्रंकेत टाका.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. नातेवाइकाला नंतर. खात्याचा नंबर, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात. पहिल्या तासात कळवलं तर वाटेत अडवले जाण्याची शक्यता खूप जास्त असते. दुसरा फोन बँकेला: खातं, कार्ड, यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार, आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाणं. फोनमधले संदेश पुसू नका, तोच पुरावा आहे. संशयित अॅप बसलं असेल तर इंटरनेट बंद करा आणि बँकेशी दुसऱ्या फोनवरून बोला.

तुमची काहीच चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी मिनिटा-मिनिटाला किंमत आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, चौकशीचा क्रमांक १४४४८. अडवलेली रक्कम खात्यात परत यायला कधीकधी न्यायालयाचा आदेश लागतो. धीर सोडू नका.

फसलेला फौजी सांगत नाही, हे सगळ्यात मोठं दुखणं आहे. सीमेवर राहून आलेला माणूस एका फोनने फसला, ही लाज त्याला खाते. तो दोन-तीन दिवस गप्प राहतो, आणि तेवढ्यात पैसे देशाबाहेर गेलेले असतात. घरच्यांनो, त्याला ‘तुम्हाला कळत कसं नाही’ असं म्हणू नका. आधी १९३० लावा.

बायकोला सगळं माहीत असू द्या

माझ्या आईला वडिलांच्या हयातीत पीपीओ कसा दिसतो हेसुद्धा माहीत नव्हतं. तुमच्या घरी असं होऊ देऊ नका. पेन्शनचं खातं बायकोबरोबर संयुक्त करा. तिचं स्वतःचं आधार आणि पॅन तिच्या स्वतःच्या मोबाइल नंबरला जोडा, मुलाच्या नंबरला नको. वर्षातून एकदा स्पर्शमध्ये लॉगिन तिला करू द्या, तुम्ही शेजारी बसा.

आणि एका कागदावर क्रमाने लिहून ठेवा. मी गेल्यावर मृत्यूचा दाखला काढायचा, ८-१० प्रती घ्यायच्या. स्पर्शवर मृत्यूची नोंद करायची, जमलं नाही तर सैनिक बोर्डाकडून करून घ्यायची. त्यानंतर खात्यात माझी पेन्शन आली तर ती खर्चायची नाही, ती परत वसूल होते. फॅमिली पेन्शनचा अर्ज. ईसीएचएस आणि कॅन्टीन कार्ड तिच्या नावाने. ग्रुप इन्शुरन्स आणि बँकेचा अपघात विमा विचारायचा. हयातीचा दाखला आता तिचा, ‘फॅमिली’ म्हणून.

आईने असा कागद आता माझ्यासाठी लिहिला आहे, तिच्या मोठ्या अक्षरात. खाली तिने १९३० लिहून त्याला दोनदा गोल केलाय. तो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला आहे.